टँकरवालीचा दुसरा भाग

पिक्चरच्या दुसऱ्या भागावरून मी आयुष्यात जेवढी भांडले, तेवढी सख्ख्या भावाशीसुद्धा भांडलेली नाही. पहिला भाग चांगला असतो, त्यावर सगळ्यांचं एकमत असतं आणि एकमतात काही मजा नाही. मजा दुसऱ्या भागात. कुणी म्हणणार, नायिकेचं पार वाटोळं केलं. कुणी म्हणणार, राक्षस एकच होता तेव्हा भीती वाटायची, आता पन्नास आणलेत, बसा मोजत. आणि मग मी पदर खोचून मैदानात उतरणार. बीडला हॉस्टेलवर राहून बीएस्सी करत होते तेव्हा मोबाइलवर आमचा एक ग्रुप होता, परग्रहावरच्या भयपटांच्या वेड्यांचा. पुण्याचे, नागपूरचे, कुठकुठले लोक. एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, पण अमक्या पात्रानं दार का उघडलं यावर तीन-तीन दिवस वाद चालायचे. मेसमधली आमटी थंड व्हायची आणि मी अंगठ्यानं परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत बसायचे.

त्या वर्षी आमचं सगळ्यांचं भांडण एकाच पिक्चरवरून पेटलेलं होतं. त्याचं खरं नाव सांगत नाही. आमच्या गावात त्याला 'टँकरवाली' म्हणायचे आणि मलाही तेच नाव त्याला शोभतं असं वाटतं. गोष्ट अशी. एक कोरडाठाक ग्रह. माणसं पत्र्याच्या भल्यामोठ्या घुमटाखाली राहतात. पाणी लांबच्या खाणीतून टँकरनं येतं आणि टँकर चालवते एक बाई. एके दिवशी त्या पाण्यातून काहीतरी येतं. पाण्याच्याच रंगाचं, त्यामुळे दिसत नाही. ते पाणी जो पितो त्याची तहान वाढत जाते, तो पीतच राहतो, आणि शेवटी स्वतःच्या पायानं टाकीत उतरतो. घुमटात एकच पोरगी उरते, सात-आठ वर्षांची. ती का उरते? तर रुसून बसलेली असते, म्हणून पाणी प्यायलेली नसते! टँकरवाली तिला केबिनमध्ये घालते, टाकीचा वॉल्व्ह उघडते, सगळं पाणी वाळूत सोडून देते आणि निघते. संपला पहिला भाग.

पाणी वाळूत सोडून देणारी नायिका! आमच्यासारख्या उन्हाळ्यात हंडे घेऊन पळणाऱ्या गावाला याहून भयंकर काय दाखवणार?

आणि हा पिक्चर चकलांब्याजवळच्या आमच्या गावात पोचवला तो माझ्या काकूनं. काकू म्हणजे माझी चुलती. सातवीपर्यंत शिकलेली, पण एकदा पाहिलेला पिक्चर तिच्या डोक्यात आवाजासकट बसतो. कापूस फुटला की आमच्याकडे वेचणीला बाया मिळणं म्हणजे लग्नाला मुलगी मिळण्याइतकं अवघड, कारण सगळ्यांची रानं एकदमच पांढरी होतात. पण आमच्या रानात बाया न बोलावता यायच्या. काकू पातीवर पिक्चर सांगायची ना! पात म्हणजे वेचताना प्रत्येकीनं धरलेली झाडांची ओळ. काकूची पात मधोमध, दोन्ही अंगांना बाया. कुणी मागं राहिली तर शेजारणी तिची चार झाडं उरकून तिला पुढं ओढून आणायच्या, कारण मागं राहिलं की ऐकू यायचं नाही. मोबाइल सगळ्यांकडे होते, पण सलग दोन तास कुणाकडे होते? एक पिक्चर चार दिवस पुरायचा. भीतीची जागा आली की काकू आवाज इतका खाली आणायची की दहा-बारा बायांचे हात बोंडावर थांबायचे आणि बांधावरून काका ओरडायचे, "अगं हात चालवा की! त्यो राक्षस काय कापूस येचायला येनार हाय व्हय?"

पहिला भाग सांगून झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात गावात टँकर आला, तेव्हा आमच्या आळीतल्या एका आजीनं टाकीवर काठीनं तीन ठोके मारून आधी कान लावला. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून टाकी कुठं गळते का ते बघायला लागला. ही आजी वेचणीच्या बायांत सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात वाकडं बोलणारी. तिला पिक्चर पसंत पडणं म्हणजे आमच्या रानात मोठाच मान होता.

दुसरा भाग आला तो त्याच वर्षी. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी काकूला घेऊन मोबाइल भिंतीला टेकवून बसले. सुरुवातीलाच रस्त्याकडेला उलटलेला टँकर, शेजारी दगडांचा छोटा ढीग आणि त्या ढिगावर त्या पोरीचे बूट. टायर फुटला आणि पोरगी गेली, एवढं एका वाक्यात सांगून टाकतात. मग टँकरवाली सैनिकांच्या टोळीत सामील होते, बंदूक घेते आणि घुमटाकडे परत जाते. काकूनं पिक्चर शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच म्हणाली, "पोरगी उगंच मारली की ह्यांनी."

झालं! मी तिला तासभर अक्कल पाजळून सांगितलं, की काकू, हेच तर धाडस आहे, पोरगी मारल्यामुळे पुढं कुणीच सुरक्षित नाही हे प्रेक्षकाला कळतं, हीच या भागातली सगळ्यात थोर गोष्ट आहे. ग्रुपवर मी हेच लिहिलं होतं आणि त्यावरून आठवडाभर रान पेटलं होतं. निम्मे लोक माझ्यावर तुटून पडले होते, म्हणून तर मी आणखीच हट्टाला पेटले होते. काकू भाकरी थापत ऐकत राहिली. वाद घालत नाही म्हणजे पटलं, असं मी आपलं धरून चालले.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. काकूची एक मैत्रीण होती, समोरच्याच घरातली, तिला मी मावशी म्हणायचे. तिची एकुलती एक लेक आदल्या वर्षी दिवाळी सरल्यावर तापानं गेली. आठ वर्षांची होती. चार दिवसांत गेली. तेव्हापासून मावशी उंबऱ्याबाहेर पडेना. काकू रोज तिच्या दारात जाऊन बसायची आणि उठताना म्हणायची, "चल की रानात." वर्षभर ती नाही म्हणाली. आणि मी आले त्याच आठवड्यात एका सकाळी मावशी कमरेला कापसाची ओटी बांधून आमच्या दारात उभी राहिली. काकूनं घाईघाईनं मला आत ओढलं आणि हळूच म्हणाली, "ती आलीया बग. आता रोज आली पायजे. एकदा का परत घरात बसली, तर ती उठायची न्हाई."

हे मी ऐकलं होतं, चांगल्या दोन्ही कानांनी. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

रानात बायांनी पहिल्याच दिवशी टँकरवालीचा दुसरा भाग मागितला. काकूनं सुरू केला. टँकर वाळवंटातून चाललाय, केबिनमध्ये टँकरवाली आणि शेजारी ती पोरगी. मी तिसऱ्या पातीवर होते. मला वाटलं, आता टायर फुटेल. फुटला नाही. मग वाटलं, काकू ताणतेय, उद्या फोडेल. दुसऱ्या दिवशीही टायर शाबूत! उलट पोरगी नकाशा वाचायला लागली, पोरीनंच पाण्यात मीठ टाकून राक्षस ओळखायची युक्ती काढली. काकूनं सगळं पदरचं घालून रचलं होतं. बाया खूश. आजी म्हणाली, "पोरगी लई गुनाची हाय." आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. कुणी चुकीचं सांगतंय आणि मी गप्प आहे, हे मला जन्मात कधी जमलेलं नाही.

मावशी काकूच्या डाव्या पातीवर होती. दोन दिवसांत ती एक शब्द बोलली नव्हती, नुसते हात चालले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. मान वर न करता विचारलं, "ती पोरगी शाळा शिकती का मग तिथं?"

"शिकती की," काकू लगेच म्हणाली. "टँकरवालीच शिकवती तिला. पाढे पाठ हायेत सगळे."

पाढे! माझा तोल गेला. "काकू, कावून खोटं सांगतीस गं? पयल्या धा मिन्टांत मरती ती पोरगी! आन् मेलीच पायजे! पोरगी वाचली तर मंग भीती कशाची? गोष्टीत काय दम राहतो?"

माझा आवाज शेवटच्या पातीपर्यंत गेला. मावशी सरळ उभी राहिली. ढिगापाशी जाऊन तिनं ओटी मोकळी केली, ओटीचं फडकं सोडून त्याची नीट घडी केली आणि बांधाबांधानं घराकडे चालू लागली. तिला हाक मारायची हिंमत कुणाची झाली नाही. काकूनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुला पिक्चर तेवढा कळला. बाकी काय कळलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकू तिच्या दारात जाऊन आली, तर दार लोटलेलं. मीही गेले. बाहेरूनच "मावशी, चुकलं" म्हणाले आणि उत्तर न मिळता परत आले. मला स्वतःची इतकी चीड आली होती की मी ग्रुपवरचे निरोप उघडून पाहणंसुद्धा बंद केलं. काकूनं सांगणं थांबवलं. रान मुकं झालं. बायांना तर दुहेरी त्रास, मावशीचं वाईट वाटतंय आणि पोरगी नक्की मेली का जिवंत आहे हेही कळत नाही. तेलगावहून लग्न करून आलेली एक नवी सून होती, बारावी झालेली, ती हळूच माझ्या पातीला येऊन कुजबुजली, "ताई, खरंच मरती का ती?" मी तिच्यावर खेकसले.

मग कार्तिकी एकादशी आली. एकादशीला आमच्याकडे कुणी रानात काम करत नाही. सकाळी मी नळावर धुणं धूत होते, तर समोर मावशी. मी उभी राहिले, हाताला साबण तसाच.

"त्यो पिक्चर दाखव मला," ती म्हणाली.

काकू आतून धावत आली. "काय बगायचंय त्याच्यात? न्हाई बगायचा त्यो. चल, च्या घे."

"तू मला कावून सांगितलं न्हाईस, ते बगायचंय मला," मावशी म्हणाली. काकू दारातून बाजूला झाली.

आमच्या आळीत एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात जायला वारासुद्धा लागत नाही. दुपारी मी मोबाइल टीव्हीला जोडेपर्यंत बारा जणी येऊन बसल्या होत्या. आजी तर स्वतःचं बसकर घेऊन आली होती. भयपट उजेडात बघायचा नसतो म्हणून मी दार-खिडक्या लावल्या. मावशी भिंतीला टेकून एकटी बसली. आता माघार नव्हती.

पिक्चर सुरू झाला. उलटलेला टँकर आला. दगडांचा ढीग आला. बूट आले. आणि नेमकी लाईट गेली.

मग जो दंगा सुरू झाला, तो मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं होतं बाया काकूवर तुटून पडतील, खोटं का सांगितलं म्हणून. काकूला कुणी शब्दानं बोललं नाही. सगळ्या तुटून पडल्या पिक्चरवर!

"टायर फुटला म्हनं!" नवी सून तडतडली. "मपला भाऊ उसाचा ट्रॅक्टर चालवतो. रोज सकाळी आधी चारीबाजूनं टायर वाजवून बगतो, मंग चावी लावतो. एवढी हुशार टँकरवाली, तिला टायर बगायचं कळंना?"

"आन् पयल्या भागात रुसली म्हनून वाचली," दुसरी म्हणाली. "दुसऱ्यात उगंच मारायची हुती तर तिला रुसवलीच कावून?"

माझ्यातली भांडखोर जागी झाली, इलाज नाही. "अहो, अपघात कुनालाबी होतो की! खऱ्या आयुष्यात न्हाई का होत?"

"खऱ्यात होतो," आजी अंधारातून म्हणाली. "गोष्टीत त्यो कुनीतरी करतंय. कावून केला ते त्यानं सांगावं का न्हाई?"

पुण्या-नागपूरच्या कुणीही मला असं कोंडीत पकडलं नव्हतं. मी शेवटचा हुकमाचा पत्ता काढला, की पोरगी मेल्याशिवाय भीती वाटत नाही. तर काकू, आतापर्यंत गप्प असलेली, म्हणाली, "उलटं बोलतीस. मेली की भीती संपली. जिती हाय तवर जीव टांगनीला." आणि बारा जणी एकदम, "मंग! खरंच की!" मला घाम फुटला होता. आणि खरं सांगते, मजाही येत होती, कारण इतकी खरी मुद्द्याची भांडणं मी त्या मोबाइलमध्ये कधी केली नव्हती. मावशीकडे मात्र माझं लक्ष होतं. ती नुसती ऐकत होती.

अर्ध्या तासानं लाईट आली. पुढचा पिक्चर बायांनी फाडून खाल्ला. टँकरवालीनं बंदूक उचलली तर आजी ओरडली, "अगं तिच्या हातात बंदूक कशाला? तिला पाना द्या, पाना!" पन्नास राक्षस एकदम आले तर एकीलाही भीती वाटली नाही. एक देखणा साहेब टँकरवालीच्या शेजारी बसून हसायला लागला, तर "ह्यो कोन मदीच उगवला?" म्हणून बायांनी एकमेकींच्या मांडीवर थापा मारल्या. हसून हसून नव्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी हसली नाही, उठूनही गेली नाही. शेवटच्या पाट्या वर सरकेपर्यंत ती एकटक बघत होती.

"संपला?" तिनं विचारलं.

"संपला, मावशी."

"तुझा कितींदा बगून झालाय?"

"चारदा."

"मंग सांग. ती बाई त्या पोरीचं नाव परत कुठं घेती का?"

मी आठवायला लागले. घुमटाचा प्रसंग, सैनिकांच्या तळाचा, शेवटची लढाई. चारदा पाहिला होता, परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले.

"न्हाईच घेत. मी कान देऊन ऐकलं." मावशीचा आवाज चढला. वर्षभरात तिचा आवाज इतका मोठा कुणी ऐकला नव्हता. "पोरगी मारली, त्याचं मला काय न्हाई. पोरी मरत्यात. पन ही बाई बंदूक चालवती, जेवती, त्या साह्यबासंगं हासती, आन् पोरीचं नाव एकदाबी तिच्या तोंडात येत न्हाई? असं मानूस आसतंय व्हय कुठं? आन् त्ये बाकीचे! एकजन तिला इचारत न्हाई, बाई, तुजी पोरगी कशी हुती. लिवनाऱ्याला वाटलं आसंल, नाव काडलं की रडारड हुईल, उगं कशाला. म्हनून पुसूनच टाकली पोरगी."

ती थांबली. मग तिनं आमच्याकडे, एकेकीकडे बघितलं.

"तुमीबी तसंच केलं," ती म्हणाली. "वरीस झालं. मपल्या लेकीचं नाव ह्या आळीत कुनी काडलंय मपल्यापुढं? मी आले की तुमी बोलता बोलता थांबता. तूबी." हे काकूला.

काकूचा चेहरा पडला. "तुला तरास हुईल म्हनून गं..."

"तरास हायेच की. त्यो काय तुमच्या गप्प बसन्यानं जातो व्हय?"

टीव्हीवर निळा पडदा तसाच होता, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. आणि मग काकूनं त्या पोरीचं नाव घेतलं. मोठ्यानं, हाक मारावी तसं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. काकू म्हणाली, तिनं एकदा आमच्या कोंबडीला अंघोळ घातली होती. कोंबडी तीन दिवस शिंकत होती. एकीला हुंदका आणि हसू एकदमच आलं. दुसरी म्हणाली, अंगात पिवळा फ्रॉक होता त्या दिवशी. मावशी ताडकन म्हणाली, "पिवळा न्हवता. लाल व्हता, पांढऱ्या ठिपक्याचा." "पिवळाच!" आजीनं फणकारा टाकला. "मी शिवला का तुमी?" मावशी म्हणाली. आणि तिथं लागली जुंपली, फ्रॉकवरून, कोंबडीवरून, ती पाटीवर कोणत्या हातानं लिहायची त्यावरून. मावशी प्रत्येकीला खोडत होती, गाल पुसत होती, परत भांडत होती.

माझ्याकडेही एक आठवण होती. ती जाण्याआधीच्या दिवाळीत मी पहिला भाग मोबाइलवर पाहत ओट्यावर बसले होते, तेव्हा ती येऊन माझ्या कुशीत घुसली होती. मी तिला इतका भीतीचा पिक्चर दाखवला म्हणून आधी ओरडा बसेल या भीतीनं आणि नंतर, ती गेल्यावर, सगळ्यांसारखीच मी ते कुणाला बोलले नव्हते. आता बोलले. "मावशी, तिनं मला दुसरा भाग सांगितला हुता. पिक्चर निघायच्या आधी. तिचा सोताचा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"ती म्हनली, दुसऱ्या भागात टँकरवालीला झोप लागल आन् टँकर मी चालवीन. चांगल्या पान्याची खान शोधायला. मी म्हनलं, आन् शेजारी कोन? तर म्हनली, आई. आईला खिडकीची जागा देनार."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "खिडकीची?"

"व्हय. म्हनली, आईला येष्टीत मळमळतं."

मावशीनं पदर तोंडात धरला आणि ती रडली, वर्षभराचं रडली. काकूनं तिला धरलं. आम्ही कुणीच तिला गप्प बस म्हणालो नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हे मला ठावंच न्हवतं." वर्ष झालं होतं लेक जाऊन, आणि त्या दिवशी तिला लेकीचं काहीतरी नवीन कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पात धरत होते, तर शेजारच्या पातीला मावशी येऊन उभी राहिली, ओटी बांधून. आभाळ भरून आलं होतं आणि काका घाई करत होते. तिनं पहिली बोंडं ओटीत टाकली. मग ती म्हणाली, "त्या खिडकीच्या पुढं काय सांगितलं तिनं?"

"एवढंच, मावशी. मंग तिला घरून हाक आली."

"मीच मारली आसंल," ती म्हणाली. दोन झाडं तिनं उरकली. मग ती तिची पात सोडून काकूच्या मधल्या पातीवर गेली आणि काकू काही न विचारता बाजूला सरकली. बाया दोन्हीकडून जवळ आल्या. मावशीनं घसा साफ केला, लेकीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तर तिनं गाडी चालू केली. मला म्हनली, आई, नीट धरून बस."